तुम्ही विचारलंत म्हणून: व्यायाम टिकतो कसा?

"व्यायाम सुरू तर करते हो, पण टिकत नाही. तुम्ही नक्की काय करता?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. विचारणाऱ्यांत पंचविशीतली मुलंमुली असतात, तशी निवृत्त झालेली माणसंही. जाता जाता दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज नीट लिहिते.

माझं उत्तर असं: जेवढं जमेल त्यापेक्षा मुद्दाम कमी करा, आणि निदान पहिले दोन महिने कमीच ठेवा.

पहिल्या दिवशी उत्साह दांडगा असतो. तासभर पळणं, वर जोर, बैठका, सगळं एका दमात होतं. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. सवय नसलेल्या मेहनतीनंतर स्नायू साधारण २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त दुखतात आणि मग आपोआप शांत होतात. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. पण नेमक्या त्याच दिवसांत "उद्यापासून बघू" सुरू होतं.

हा टप्पा पार केला तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुसरी अडचण येते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. शरीराचे सगळे भाग एका वेगानं तयार होत नाहीत. दम काही आठवड्यांत सुधारतो. ताकदही भराभर वाढते, कारण स्नायू जाड होण्याआधी मज्जासंस्था असलेले स्नायू नीट वापरायला शिकते. पण स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरांना, म्हणजे टाचेच्या मागे हाताला लागते तशा चिवट दोऱ्यांना, कणखर व्हायला महिने लागतात. दम म्हणतो "अजून पळ", आणि टाच किंवा गुडघा कुरकुरायला लागतो. दुखावलं की सक्तीची सुट्टी, आणि सुट्टीत सवय मोडते. म्हणून "मला तर आणखी जमलं असतं" असं वाटत असताना थांबणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला. आकडा ऐकून लोक हबकतात. पण आधी सलग दहा मिनिटं केलं तरच ते धरायचं अशी अट होती, ती त्याच वेळी निघाली. पाच मिनिटांचं झपाझप चालणंही हिशेबात येतं. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत.

ताकदीच्या व्यायामाला बरेचजण बिचकतात. त्यांना मी खुर्ची दाखवते. न घसरणारी, घट्ट बैठकीची खुर्ची घ्या. पुढच्या अर्ध्या भागावर बसा, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे ओढा, हात छातीशी घडी घाला. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे झुका आणि उठा. आता बसताना मनात चार आकडे मोजत सावकाश खाली या. शेवटची वीतभर बहुतेकजण धप्पकन बसतात. खरी मेहनत तिथेच आहे. हातांशिवाय जमत नसेल तर सुरुवातीला मांड्यांवर हात टेकवा. वयाची सबब कुणी सांगितली की मी १९९०चा एक अमेरिकी अभ्यास सांगते. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींकडून आठ आठवडे पायांचा वजनी व्यायाम करून घेतला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आता सवय. २१ दिवसांत सवय लागते, हे मनातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं. माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते. एखादा दिवस चुकल्यानं सवयीचं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच आढळलं. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. कारण व्यायाम सुटतो तो चुकलेल्या दिवसामुळे नाही, त्यानंतर मनाला लागणाऱ्या टोचणीमुळे. आजारपण येईल, प्रवास येईल, कामाचा डोंगर येईल. परतताना पूर्वीच्या निम्म्यानं सुरू करा, एवढं आधीच ठरवून ठेवा.

वेळ घड्याळावर बांधू नका, रोजच्या एखाद्या कामाला जोडा. दात घासून झाले की खुर्ची, इतकं ठरलेलं असलं की रोज मनाशी वाद घालावा लागत नाही.

हृदयविकार, मधुमेह किंवा सांध्यांचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. व्यायाम करताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि लगेच मदत घ्या.

आणि यानंतर हमखास येणारा प्रश्न: वाढवायचं कधी? सलग दोन आठवडे शेवटची उठबस पहिलीइतकीच सोपी गेली की. तेव्हाही एकच गोष्ट वाढवा: वेळ, वेग किंवा वजन. तिन्ही एकदम नको.