हॉर्नशिवाय ओव्हरटेक

भारतातला गाडी चालवायचा परवाना जर्मनीत राहायला आल्यापासून फक्त सहा महिने चालतो. त्यानंतर तो पर्समध्ये असला काय नि नसला काय, सारखंच. काही देशांच्या लोकांना नुसते कागद देऊन तो बदलून मिळतो, पण त्या यादीत भारत नाही. म्हणजे लेखी परीक्षा द्यायची आणि गाडी चालवूनही दाखवायची. सूट एवढीच, की नवशिक्यांना सक्तीची असलेली ठरावीक तासांची शिकवणी आपल्याला लागू नसते. मात्र परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलचा शिक्षक सोबत लागतोच, आणि आपलं चालवणं बघितल्याशिवाय कुठलाही शिक्षक परीक्षेला उभं करत नाही. त्यामुळे ‘शिकवणी नको’ हे कागदावरच राहतं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. परवान्याचं जर्मन भाषांतर, डोळ्यांची तपासणी, फोटो, आणि प्रथमोपचाराचा दिवसभराचा वर्ग, ज्यात रबरी पुतळ्याची छाती दाबून दाबून हात दुखतात. हे सगळं जोडून अर्ज दिला की मग वाट बघायची. वाट बघण्यात जितका वेळ जातो तितका बाकी कशातच जात नाही.

लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. तीस प्रश्न, प्रत्येक चुकीला दोन ते पाच दंडगुण, आणि एकूण दहाच्या वर गेलं की नापास. त्यात एक मेख आहे. पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले तर बेरीज दहाच होते, तरी नापासच. ओव्हरटेक आणि प्राधान्याचे पुष्कळ प्रश्न याच पाच गुणांवाल्यांत येतात. प्रश्नांची भाषा अशी वाकडी, की नियम पाठ असूनही दोनदा वाचावं लागतं.

पण अभ्यास करताना मला मजा यायला लागली, कारण नियम वाटले होते तितके ताठ नव्हते. मूळ नियम सोपा: उजवीकडून चाला, डावीकडून ओव्हरटेक करा, आणि झालं की परत उजवीकडे या. आपल्या बरोबर उलट बाजू. उजवीकडून पुढे काढलं तर शंभर युरो दंड आणि नावावर एक दंडगुण. असे आठ गुण साठले की परवानाच जातो. त्याला अपवाद मात्र शहाणपणाचे आहेत. तीन लेन असतील तर सगळ्यात उजवीकडे अधूनमधून जरी एखादी गाडी असेल, तरी मधल्या लेनमध्ये राहता येतं. प्रत्येक ट्रकमागे आतबाहेर करत बसायची गरज नाही. डावी रांग थांबलेली असेल किंवा साठच्या आत रांगत असेल, तर उजवीकडून सावकाश पुढे जाता येतं, फक्त त्यांच्यापेक्षा वीसने जास्त वेग नको. आणि ऑटोबानला, म्हणजे तिथल्या महामार्गाला, चढताना जी वेग घ्यायची पट्टी असते, तिच्यावर तर मुख्य रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा जोरात जायला सरळ परवानगी आहे.

खरं शिक्षण गाडीत सुरू झालं. आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो, त्यामुळे माझा सराव आ-एक्याऐंशी (A81) या ऑटोबानवर आणि लेओनबेर्गला ती जिथे आ-आठ (A8) या दुसऱ्या ऑटोबानला मिळते त्या भागात झाला. शिक्षक पन्नाशीचे, कमी बोलणारे. मी पुण्यात बरीच वर्षं गाडी चालवली आहे; माहेर डोंबिवलीचं, म्हणून एक्स्प्रेसवे अंगवळणी पडलेला. हे ऐकून त्यांनी ना कौतुक केलं ना काळजी दाखवली. पहिल्या तासाला ऑटोबानवर आल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तुमच्या मागे काय आहे?”

“पांढरी गाडी.”

“जवळ येतेय की तेवढ्याच अंतरावर आहे?”

पुढचा सगळा तास हेच. मध्येच आरशावर हात धरायचे आणि विचारायचे, आता कोण आहे, मघाची निळी गाडी कुठे गेली, मोटरसायकल दिसत नाही तर ती असेल कुठे? पुढचं ते काहीच विचारत नव्हते. पुढचं तर सगळ्यांनाच दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या रात्री माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडे मागचं बघण्याचं काम मागचाच करतो. तो हॉर्न मारतो, डिपर देतो, साइड मागतो. ट्रकच्या मागेच लिहिलेलं असतं ‘हॉर्न ओके प्लीज’, म्हणजे बाबा तू आलास हे तूच सांग. ट्रक असेल तर क्लीनर खिडकीतून हात काढून ‘ये, ये’ करतो. ही एक पूर्ण व्यवस्था आहे आणि तिच्या जागी ती चालते. एक्स्प्रेसवेच्या उजव्या लेनमध्ये ट्रक ठाण मांडून बसला की डावीकडून काढायचं, हेही त्याच व्यवस्थेत बसतं, कारण सगळ्यांचे कान उघडे असतात. ऑटोबानवर मात्र सगळं शांत. मागून दोनशेने येणारा काहीही वाजवत नाही. तो गृहीत धरतो की तुम्ही त्याला बघितलं आहे.

शिक्षकांनी हे एका पार्किंगमध्ये थांबून कागदावर मांडून दाखवलं. समजा तुम्ही एकशेवीसने आहात आणि पुढे ऐंशीचा ट्रक. ऐंशी हीच मोठ्या ट्रकची तिथली मर्यादा. फरक चाळीसचा, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. पन्नास मीटर मागून बाहेर पडायचं, सोळा-सतरा मीटरचा ट्रक ओलांडायचा, पन्नास मीटर पुढे जाऊन परत आत यायचं. गेली अकरा सेकंदं. आता मागून डाव्या लेनमध्ये दोनशेने येणारी गाडी घ्या. तिचा-तुमचा फरक ऐंशीचा, सेकंदाला बावीस मीटर. आरशात ती दोनशे मीटरवर ठिपक्याएवढी दिसते आणि नवव्या सेकंदाला तुमच्या डिकीशी असते. “म्हणून ठिपका मोजायचा नाही, ठिपका किती वेगाने मोठा होतोय ते बघायचं,” असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. तो अजून माझ्या गाडीत आहे.

दोनशेने जाणं तिथे बेकायदा नाही. जिथे पाटी नाही तिथे एकशेतीस ही नुसती शिफारस. माझ्या मते हा हट्टीपणा आहे, पण मला परवाना त्यांच्याच रस्त्यावर हवा होता.

मग क्रम घोटवून घेतला: आतला आरसा, बाहेरचा आरसा, इंडिकेटर, आणि खांद्यावरून मान वळवून बघणं. या शेवटच्या गोष्टीला ते शुल्टरब्लिक म्हणतात आणि त्यावरच परीक्षेला बसलेली माणसं नापास होतात असं सगळे सांगतात. डावीकडे जाताना डाव्या खांद्यावरून, परत येताना उजव्या. परत येताना कशाला, ट्रक तर आत्ताच मागे टाकला, असं वाटतं. पण तीन लेनच्या रस्त्यावर मधल्या लेनमध्ये दोघं दोन बाजूंनी एकदम शिरू शकतात.

अंतराचा हिशेब मला फार आवडला. स्पीडोमीटरवरच्या आकड्याचा निम्मा, तेवढे मीटर पुढच्यापासून सोडायचे, एकशेवीसला साठ. आणि ते मोजायला रस्त्याकडेचे पांढरे खुंट दर पन्नास मीटरवर लावलेले असतात. पुढची गाडी एका खुंटाशी, तुम्ही मागच्या खुंटाशी, म्हणजे शंभरच्या वेगाला ठीक.

डिपरबद्दलचं उत्तर मात्र अनपेक्षित निघालं. मला वाटलं होतं की तो पूर्ण बंद असणार. तर गावाबाहेर ओव्हरटेक करतोय हे सांगायला थोडक्यात दिवा किंवा हॉर्न द्यायला कायद्याने मुभा आहे. बंद आहे ते अंगावर येऊन, मागे चिकटून दिवे मारत राहणं. तो जबरदस्तीचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. तरीही करणारे करतात. मोठ्या काळ्या गाड्या डाव्या लेनमध्ये मागे चिकटलेल्या मी नेहमी बघते, तेव्हा जर्मनांच्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा शुक्रवारी संध्याकाळी आ-आठवर यावं. अशा वेळी शिक्षकांचा सल्ला कामी येतो: घाबरून वेग वाढवायचा नाही, ट्रकच्या नाकासमोर घुसायचंही नाही. सुरू केलेला ओव्हरटेक नीट पुरा करायचा आणि मग जागा द्यायची.

परीक्षा झाली ती अगदीच साधी. परीक्षक मागच्या सीटवर, शिक्षक शेजारी, सुरुवातीचं आणि शेवटचं बोलणं धरून पंचावन्न मिनिटं, त्यातली प्रत्यक्ष गाडी चालवायची साधारण अर्धा तास. ऑटोबानवर नेलं, एक ट्रक ओलांडायला लावला, पुढच्या फाट्याला उतरवलं. उत्तीर्ण झाल्यावर भारतातला परवाना जमा करून घेतात, तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत आधी काढून ठेवा.

परवाना मिळाल्यानंतर एकदा आम्ही उल्मला निघालो आणि वाटेत रहदारी मंदावली. ना सायरन, ना पोलीस, काहीच ऐकू येत नव्हतं. तरी सगळ्यात डाव्या लेनमधल्या गाड्या डावीकडे सरकल्या आणि बाकीच्या उजवीकडे. मधे रुग्णवाहिकेपुरती वाट झाली. गाड्या रांगायला लागल्या की ही वाट करावीच लागते, सायरन ऐकून नव्हे. नाही केली तर दोनशे युरो, दोन गुण आणि महिनाभर परवाना जप्त. बऱ्याच वेळाने खरोखरच रुग्णवाहिका आली आणि न थांबता निघून गेली. नवरा म्हणाला, “खंडाळ्याला हे कसं जमायचं?” मी म्हटलं, तिथे आधी हॉर्न वाजेल, मग जमेल.

त्याच रस्त्यावर पुढे द्राकेनश्टाइनचा चढ लागतो. डोंगराच्या कडेने दोनच लेन, थांबायला बाजूची पट्टी नाही, उजवीकडे दम टाकत चढणारे ट्रक. तिथे ओव्हरटेक करावासा वाटतो आणि बहुतेक वेळा करू नये. मी ट्रकच्या मागे अंतर ठेवून चढते, वर सपाटीला लेन वाढल्या की सावकाश पुढे काढते. चार मिनिटं जातात, जाऊ देते.

कोणी नव्याने सुरुवात करत असेल तर रविवारी सकाळी निघा. साडेसात टनांवरच्या ट्रकना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर यायला बंदी असते, त्यामुळे उजवी लेन रिकामी मिळते आणि आत-बाहेर करायचा सराव मोकळेपणाने होतो. फक्त दहाच्या आधी घरी या. आठवडाभराचा माल घेऊन पार्किंगमध्ये थांबलेले सगळे ट्रक त्या वेळेला एकदमच बाहेर पडतात.