तुम्ही विचारलंत म्हणून: क्वीनच्या लेखात पाचगणी एवढीशीच का?

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला, पहिला बँड त्याने तिथेच काढला, आणि मराठी विकिपीडियावरच्या क्वीनच्या लेखात त्याची बोळवण दोन वाक्यांत? दर थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी हे विचारतंच. काही जण आणखी पुढे जाऊन विचारतात की, मराठी असून पाचगणीवरचा मोठा मजकूर तुम्हीच का उडवलात? उडवला, हे खरं आहे. पानाचा इतिहास उघडा, सगळं तिथे नोंदलेलं आहे.

ती दोन वाक्यं अशी: ‘गायक फ्रेडी मर्क्युरी (मूळ नाव फारुख बलसारा) याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात झाला. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले व तेथे त्याने चार शाळासोबत्यांसह हेक्टिक्स नावाचा बँड काढला.’

पहिलं कारण साधं आहे. हा लेख क्वीनचा आहे, फ्रेडीचा नाही. क्वीन १९७० साली लंडनमध्ये स्थापन झाला, तेव्हा फ्रेडीला पाचगणी सोडून सात-आठ वर्षं झाली होती. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे आधी स्माइल नावाच्या बँडमध्ये होते, आणि जॉन डीकन १९७१ साली आला. पुढे १९७३ ते १९९५ या काळात १५ स्टुडिओ अल्बम झाले. हे सगळं पेलायचं तर चौघांपैकी एकाच्या शाळेला लेखात किती जागा द्यायची, हे ठरवावंच लागतं. फ्रेडीच्या स्वतंत्र लेखात पाचगणीचा अख्खा विभाग शोभेल. इथे तो घातला की ब्रायनच्या घरी बनलेल्या गिटारलाही तेवढीच जागा द्यावी लागते. ती गिटार त्याने वडिलांच्या मदतीने केली होती, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून, आणि बँडच्या आवाजात तिचा वाटा शाळेपेक्षा कितीतरी मोठा आहे.

यावर लोक म्हणतात, मराठी वाचकाला पाचगणीच वाचायची असते. हा मुद्दा मी झटकून टाकत नाही. मराठी लेख इंग्रजी लेखाची सावली असावा, असं मलाही वाटत नाही. पण वाचकाला काय हवं आहे आणि आपल्याला काय सिद्ध करता येतं, यांत अंतर पडलं की विश्वकोशाने दुसऱ्या बाजूला उभं राहायचं असतं. मी तिथे उभा राहिलो. योग्य तऱ्हेने राहिलो का, ते पुढे लिहितो.

त्याआधी एक सांगायला हवं. मी फक्त कात्री चालवली असा समज आहे, आणि तो मला लागतो. लेख हाती घेतला तेव्हा त्याचा मोठा भाग यांत्रिक भाषांतराचा होता. ‘रॉक’चा खडक झाला होता, ‘सिंगल’चं एकेरी, ‘चार्ट’चा तक्ता, आणि ‘क्वीनने अल्बम प्रकाशित केला’ याचं ‘राणीने अल्बम सोडला’. अशा मजकुरात शब्द बदलून भागत नाही, परिच्छेद मोडून पुन्हा लिहावा लागतो. ‘ओव्हरडब’ हा शब्द नुसता ठेवला तर निम्म्या वाचकांना कळत नाही. म्हणून तिथे असं लिहिलं: आधी मुद्रित केलेल्या आवाजावर दुसरा आवाज चढवणे. मग ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या क्वीनच्या गाण्याचा मधला ऑपेराचा भाग समजावता येतो. मर्क्युरी, मे आणि टेलर या तिघांनीच पुन्हा पुन्हा गाऊन, २४ ट्रॅकच्या टेपवर थरावर थर चढवून तो गायकवृंद उभा केला. डीकन त्यात गायलेला नाही. पण आधीच्या मजकुरात ‘चौघांनी गायलेले’ असं होतं, आणि ते कुणालाही खटकलं नव्हतं.

आकड्यांचंही तेच. गाण्याची लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर सलग ९ आठवडे, हे ठाम लिहिता येतं. बँडच्या एकूण विक्रीचं तसं नाही. कुणी १५ कोटी सांगतं, कुणी ३० कोटी. तिथे आकड्यापुढे तो कुणी दिला हे लिहायचं, नाहीतर आकडा काढायचा. ‘पहिला’, ‘सर्वांत’, ‘एकमेव’ हे तीन शब्द पानावर शोधून काढायचे आणि प्रत्येकाला संदर्भ आहे का ते पाहायचं. निम्मी डागडुजी तिथेच होते. संदर्भ देताना बंद करायचा टॅग राहून गेला तर पुढचा मजकूर पानावरून गडप होतो, म्हणून झलक पाहिल्याशिवाय प्रकाशित करायचं नाही. इंग्रजी लेखातून भाषांतर केलं असेल तर बदलांच्या आढाव्यात, म्हणजे प्रत्येक बदलासोबत लिहायच्या छोट्या नोंदीत, मूळ लेखाचा दुवा द्यायचाच. परवान्याची ती अट आहे. गाण्याच्या ओळी उतरवायच्या नाहीत, त्यांवर प्रताधिकार आहे.

२०१८ साली बँडवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा चित्रपट आला आणि पुढचे कित्येक महिने त्यातल्या घटना लेखात येत राहिल्या. लाइव्ह एड या मदतनिधीच्या मोठ्या मैफलीआधी बँड फुटला होता, फ्रेडीने एड्सच्या आजाराबद्दल सोबत्यांना तेव्हाच सांगितलं, वगैरे. प्रत्यक्षात १९८४ साली त्यांचा अल्बम आला होता, मे १९८५ पर्यंत ते दौऱ्यावर होते, आणि लाइव्ह एड झाला १३ जुलै १९८५ला. आजाराचं निदान त्यानंतरचं, साधारणपणे १९८७ सालचं मानलं जातं. जाहीर निवेदन २३ नोव्हेंबर १९९१चं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू. हे बदल उलटवताना मला कधी अपराधी वाटलं नाही. तारखा समोर असतात.

आता पाचगणीचा विभाग.

एका नव्या सदस्याने तो एका बैठकीत लिहिला होता. पाच परिच्छेद, संदर्भ एकही नाही. भाषा सुंदर होती, हे आधीच सांगतो. सकाळचं धुकं, लाल मातीने माखलेले बूट, प्रार्थनेच्या वेळचा पियानो. लेखातल्या इतर कुठल्याही भागापेक्षा तो वाचनीय होता. मी एकेक वाक्य वेगळं करून तपासलं. शाळेचं नाव बरोबर. शाळेत दाखल झाल्याचं साल १९५४ दिलं होतं. चरित्रांत कुठे १९५४ येतं, कुठे १९५५, म्हणजे दोन्ही लिहायला हवीत. ‘हेक्टिक्सचा गायक फ्रेडी होता’ हे चूक, कारण त्या बँडमध्ये तो पियानोवर होता आणि मुख्य गायक दुसराच होता. ‘तो अस्खलित मराठी बोलत असे’ याला आधार नाही. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडीतला बिस्मिल्ला हा शब्द त्याने पाचगणीत ऐकला’ हा तर निव्वळ तर्क. फ्रेडी झांझिबारचा, आणि तिथली बहुसंख्य वस्ती मुसलमान. तो शब्द कानावर पडायला त्याला पाचगणी गाठायची गरज नव्हती. शिवाय गाण्याचा अर्थ त्याने स्वतः कधीच उलगडून सांगितला नाही. असे तर्क दिसायला निरुपद्रवी असतात, पण वर्षभरात एखाद्या पुरवणीत छापून येतात. मग तीच पुरवणी कुणीतरी लेखात संदर्भ म्हणून जोडतं, आणि आपणच सोडलेली अफवा पुरावा होऊन परत येते. म्हणून वर्तमानपत्रातला संदर्भ दिसला की आधी त्याची तारीख बघायची, मग तो मजकूर लेखात कधी आला हे इतिहासात बघायचं. मजकूर आधीचा असेल तर तो संदर्भ बाद.

तेव्हा मी पाचही परिच्छेद काढले. एका झटक्यात. बदलांच्या आढाव्यात तीन शब्द लिहिले: ‘विनासंदर्भ मजकूर काढला’.

दोन दिवसांनी लेखाच्या चर्चा पानावर, जिथे संपादक आपसांत बोलतात, त्या सदस्याचं उत्तर आलं. ते गृहस्थ त्याच काळात त्याच शाळेत होते. त्यांनी लिहिलं होतं, ‘तो पियानो मी ऐकलेला आहे. मला संदर्भ कशाला लागतो?’

मी उत्तर दिलं. नम्र होतं, पण त्यात होते विकिपीडियाच्या तीन धोरणांचे दुवे: पडताळण्याजोगेपणा, मूळ संशोधन नको, हितसंबंध. तिन्ही दुवे बरोबर होते. ते पुन्हा लिहायला आले नाहीत. त्यांच्या योगदानांच्या यादीत त्या दोन दिवसांनंतर एकही नोंद नाही.

नियम चुकीचा नाही, हे मी आजही म्हणेन. डोळ्यांनी पाहिलेलं छापून येत नाही तोवर विश्वकोशाला ते वापरता येत नाही. कारण वाचकाला तुमचे डोळे तपासता येत नाहीत. ज्यांनी पाहिलं त्यांचीही आठवण सरकते. गायक कोण होता, हेच त्यांच्या मजकुरात चुकलेलं होतं. त्या गृहस्थांनी ते खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. साठ वर्षांत पुढे प्रसिद्ध झालेला फ्रेडी मागच्या आठवणीत जाऊन गायकाच्या जागी उभा राहिला असेल.

पण तेव्हाच्या मला आज काही गोष्टी विचाराव्याशा वाटतात. ‘संदर्भ हवा’ हा साचा, म्हणजे मजकुरापुढे दिसणारी सूचना, का नाही लावलास? लावला असता तर मजकूर राहिला असता आणि वाचक सावध झाला असता. त्यावर तेव्हाचा मी म्हणतो, तो साचा लेखांवर वर्षानुवर्षं लटकत राहतो, लोक त्याच्याकडे न बघता मजकूर उचलतात. खरं आहे. मग सगळा विभाग चर्चा पानावर का नाही हलवलास? याला त्याच्याकडे उत्तर नाही. हलवायला दोन मिनिटं लागतात. मजकूर डोळ्यांसमोर राहतो, लेखात राहत नाही, आणि लिहिणाऱ्याला आपलं लिहिणं केराच्या टोपलीत गेल्यासारखं वाटत नाही. आणि ‘हे चूक, हे अर्धवट, हे बरोबर पण आधार शोधू या’ असं वाक्यागणिक का नाही लिहिलंस? सगळी तपासणी केलेलीच होती. ती माझ्या वहीत राहिली आणि त्यांना मिळाले तीन दुवे.

त्यांना खरं तर हे सांगायला हवं होतं: काका, तुमची आठवण आधी तुमच्या नावानिशी छापून येऊ द्या. दैनिकाच्या पुरवणीत, शाळेच्या स्मरणिकेत, एखाद्या मासिकात. छापून आली की मी स्वतः ती संदर्भ म्हणून जोडतो, ‘एका शाळासोबत्याच्या आठवणीनुसार’ असं लिहून. तुमच्याकडे त्या काळचा फोटो असेल तर तो कुणी काढला ते आधी पाहू. फोटो आपल्या आल्बममध्ये आहे म्हणून त्याचा प्रताधिकार आपल्याकडे येत नाही. तुम्ही स्वतः काढलेला असेल तर मुक्त परवान्याखाली कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामाईक चित्रसंग्रहात, चढवता येईल, आणि एकट्या मराठीतच नव्हे, सगळ्या भाषांतल्या लेखांत तो वापरता येईल. एवढं लिहायला दहा ओळी पुरल्या असत्या.

काही जणांचं म्हणणं, यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे, लेख तर सुधारला. सुधारला का? चुका गेल्या. पण त्या काळी त्या शाळेत असलेला आणि मराठीत लिहू शकणारा माणूस आपण होऊन दारात आला होता, तो परत गेला. लेखाच्या हिशेबात हे कुठल्या बाजूला मांडायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. कधी वाटतं, अशा माणसासाठी नियम थोडा वाकवायला हवा होता. लगेच दुसऱ्या दिवशी कुणीतरी ‘आमच्या आजोबांनी त्याला वाईच्या घाटात गाताना ऐकलं’ असं वाक्य घालून जातं आणि मी ते काढतो.

एक बारीक गोष्ट राहिली, तीही तुम्ही विचारता. फ्रेडीला लेखात ‘तो’ का, ‘ते’ का नाही? आणि आडनाव बलसारा की बुलसारा? आडनावाचं माझं मत पक्कं आहे. ते वलसाडवरून आलं. इंग्रजांच्या काळच्या लिखाणातला तो ‘यू’ म्हणजे आपला ‘अ’, पंजाबच्या स्पेलिंगमध्ये असतो तसा. म्हणून बलसारा, आणि ‘बुलसारा’ शोधणाराही तिथेच पोचावा म्हणून त्यावरून पुनर्निर्देशन. ‘तो’ आणि ‘ते’ यांचं मात्र पक्कं होत नाही. गायकाला, खेळाडूला मराठी माणूस प्रेमाने ‘तो’च म्हणतो. पण त्याच पानावर ब्रायन मे यांना ‘ते’ म्हटलं जातं, कारण ते खगोलभौतिकीत डॉक्टरेट मिळवलेले आणि २०२३ साली ‘सर’ झालेले. एकाच बँडमध्ये एक ‘तो’ आणि एक ‘ते’, हे मला बरोबर वाटत नाही. मी दोनदा सगळं ‘ते’ केलं आणि दोनदा परत फिरवलं. सध्या चौघेही ‘तो’ आहेत. तुमचं मत वेगळं असेल तर चर्चा पानावर लिहा, मी उलटवणार नाही.

ते पाच परिच्छेद पुसले गेलेले नाहीत. इतिहासात त्या तारखेची जुनी आवृत्ती उघडली की अजून वाचता येतात. यंदा मी ते चर्चा पानावर आणून ठेवले आणि प्रत्येक वाक्यापुढे काय सापडलं, काय नाही, ते लिहिलं. त्या गृहस्थांच्या सदस्य पानावरही निरोप ठेवला आहे. १९५५ ते १९६३ या काळातला त्या शाळेचा एखादा वार्षिक अंक किंवा संगीताच्या कार्यक्रमाची छापील पत्रिका तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल, तर मुखपृष्ठाचा आणि त्या पानाचा फोटो काढून पाठवा. अंकाचं साल आणि पान क्रमांक दिसायला हवा.