तुम्ही विचारलंत म्हणून: चालता स्नायू काढला, तर त्याचं काम कोण करणार?

हाताच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेणं हे माझं काम. ऑपरेशन सर्जन करतात, पण घोळत राहिलेले प्रश्न माझ्यासमोर निघतात, कारण माझ्याकडे लोकांना निवांत बसावं लागतं. त्यातला एक नेहमीचा: "कोपराखाली मार लागला, नस गेली, बोटं उठत नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, चांगला चालणारा एक स्नायू बंद पडलेल्या जागी लावू. मग त्या स्नायूचं आधीचं काम कोण करणार? एक बरं करायला दुसरं बिघडवायचं का?"

शंका अगदी रास्त आहे. (नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत नेणारा मज्जातंतू.) पण कोपराखालच्या हातात बऱ्याच कामांना एकाहून जास्त स्नायू असतात. मनगट खाली वाकवायचं तर अंगठ्याच्या बाजूने एक, करंगळीच्या बाजूने एक आणि मधोमध एक बारीकसा, पामारिस लाँगस नावाचा. हा तिसरा कित्येकांना जन्मापासून नसतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आत्ताच बघा. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लावा आणि मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर आलं तर तुम्हाला तो आहे. नाही आलं तरी काही अडत नाही. अंगठा सोडला तर बोटं वाकवायलाही साधारण दोन-दोन टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) असतात, एक मधल्या पेरापर्यंत जाणारं आणि एक टोकापर्यंत. म्हणून अनामिकेचं पहिलं टेंडन काढून अंगठ्याला दिलं तरी अनामिका मिटतेच, आणि अंगठा इतर बोटांसमोर यायला लागतो. सर्जनचं लक्ष नेहमी असं जास्तीचं काय आहे याकडे असतं. एकमेव असलेल्या स्नायूला ते हात लावत नाहीत.

फुकट मात्र काहीच नाही, हेही सांगते. स्नायूची जागा बदलली की त्याची ताकद साधारण एका पायरीने उतरते. म्हणून मुळात दणकट असलेलाच स्नायू निवडतात. एकदा लुळा पडून अर्धवट सावरलेला शक्यतो घेत नाहीत. शिवाय माणसाचं काम काय, हेही बघावं लागतं. करंगळीच्या बाजूने मनगट वाकवणारा स्नायू हातोडा मारताना फार कामाला येतो. अंगमेहनत करणाऱ्याचा तो शाबूत ठेवून अंगठ्याच्या बाजूचा घ्यावा, असं मानणारे सर्जन बरेच आहेत, आणि मला ते पटतं. तेव्हा तुम्ही रोज हाताने नेमकं काय करता, हे सर्जनना न विचारताही सांगा.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते. मनगट आणि बोटं उचलणाऱ्या स्नायूंची रेडियल नस कोपराच्या वरच्या भागात निकामी झाली तर मनगट, बोटं, अंगठा, काहीच वर उठत नाही. अशा वेळी तळवा खाली फिरवणाऱ्या स्नायूचं टेंडन मनगट उचलणाऱ्या टेंडनला जोडतात. मनगट वाकवणाऱ्यांपैकी एक बोटं उघडायला देतात आणि पामारिस असेल तर तो अंगठ्याला. तीन-चार आठवडे प्लास्टर. ते निघालं की रुग्ण माझ्यासमोर बसतो आणि सगळा जोर लावून मनगट उचलायला बघतो. होत नाही. चेहरा पडतो. मग मी म्हणते, "मनगट विसरा. फक्त तळवा जमिनीकडे फिरवा." तो फिरवतो, आणि मनगट टुणकन वर येतं. स्नायूला अजून जुनंच काम ठाऊक असतं, म्हणून सुरुवातीला जुनाच हुकूम द्यावा लागतो. काही आठवड्यांत मेंदू शिकतो आणि मनगट उचलायचं म्हटलं की उचललं जातं. काढता-घालता येणारा स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) मात्र मधला काही काळ वापरावाच लागतो, आणि जड उचलायला साधारण तीन महिने थांबावं लागतं.

"नस जोडली आहे ना, मग अजून वाट बघू या," असं घरचे म्हणतात. किती वाट बघायची याचा हिशेब असतो. कापलेल्या नसेचा पुढचा भाग आधी झडतो. हे ऑगस्टस वॉलर या शास्त्रज्ञांनी १८५० मध्येच दाखवलं होतं. मग जोडापासून नवे धागे दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतात. कोपरापाशी कापलेल्या नसेपासून पंजातले बारीक स्नायू ३० सेंटिमीटरच्या आसपास लांब, म्हणजे दहा महिने सहज जातात, आणि नसेविना स्नायू वर्ष-दीड वर्षात कायमचा निकामी होतो. धागे त्याआधी स्नायूपर्यंत पोहोचतील की नाही याचीच खात्री नाही. म्हणून करंगळीकडच्या अल्नर नसेला वर मार बसला तर काही सर्जन मनगटाजवळच्या एका छोट्या स्नायूची नस काढून अल्नर नसेच्या हालचालीच्या फांदीला जोडतात. अंतर एकदम कमी होतं. तो छोटा स्नायू हात पालथा करायला मदत करतो, आणि त्या कामाला कोपराजवळचा दुसरा आहेच.

सगळ्यात अवघड असतं ते कोपराखालचे स्नायूच चिरडले गेले, किंवा आत दाब वाढून रक्ताविना मेले तर. जर्मन सर्जन रिशार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये घट्ट बांधलेल्या पट्ट्यांनंतर आखडलेल्या हातांबद्दल लिहिलं, ते हेच. इथे हातात उसनं घ्यायला काही उरलेलं नसतं. मग मांडीच्या आतल्या बाजूचा ग्रासिलिस हा लांबट स्नायू आणतात आणि त्याची रोहिणी, नीला आणि नस सूक्ष्मदर्शकाखाली हातात जोडतात. मांडीत त्याच कामाचे दुसरे मोठे स्नायू असल्याने चालण्यात फारसा फरक पडत नाही. पण बोट पहिल्यांदा हलायला काही महिने लागतात, आणि ते महिने फार खातात माणसाला.

या काळात लोक करंट देणाऱ्या मशीनवर भरवसा ठेवून असतात आणि बोटांचे सांधे तसेच पडू देतात. माझी सगळ्यात जास्त चिडचिड यावर होते. आखडलेला सांधा कुठल्याही बदललेल्या स्नायूने हलत नाही. दुसऱ्या हाताने रोज प्रत्येक सांधा पूर्ण उघडायचा, पूर्ण मिटायचा, आणि अंगठा व तर्जनीमधली जागा आक्रसू द्यायची नाही. सांधे मोकळे नसतील तर सर्जन ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि बरोबरच करतात.

स्पर्शाचं विचाराल तर टेंडन बदलून तो येत नाही. तो आला तर नसेतूनच येणार. वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर अशाच शस्त्रक्रिया सुरू केल्या. बोटं रोगाने झडत नाहीत, तर न कळलेल्या जखमा आणि भाजण्यामुळे ती जातात, हे त्यांनी ठासून मांडलं. तुमच्या बोटांना चटका कळत नसेल तर हात हलायला लागल्यावर धोका उलट वाढतो, कारण आता तुम्ही वस्तू धरायला लागता. गरम काही उचलायच्या आधी दुसऱ्या हाताने चाचपा आणि रात्री झोपताना बोटं उजेडात नीट बघा.

ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनना एवढं विचारून या: कोणता स्नायू घेणार आणि तो आत्ता काय करतो? तो एकटाच आवळायचा सराव आपण प्लास्टर चढायच्या आधीच सुरू करू.