लॉगिन बदलण्याआधी मोबाइल नंबर कोणाचा आहे ते पाहा

विद्यापीठाची लॉगिन व्यवस्था नवी करायची ठरली की बैठकीत पहिला प्रश्न निघतो सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं हा. तो प्रश्न सोपा आहे. ग्रामीण विदर्भातल्या विद्यापीठांपुढचा अवघड प्रश्न त्याच्या आधीचा आहे: खात्यावर नोंदवलेला नंबर त्या विद्यार्थ्याचा आहे का? एटापल्ली, कुरखेडा किंवा सिरोंच्याचा विद्यार्थी परीक्षा फॉर्म भरायला तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर जातो. घरात फोन एकच, तो भावाकडे किंवा वडिलांकडे. ओटीपी लगेच लागतो, म्हणून सेंटरवाला स्वतःचा नंबर टाकतो. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो, काम अडू नये एवढंच. पण त्या दिवसापासून पासवर्ड बदलण्याची किल्ली त्याच्याकडे जाते.

म्हणून सुरुवात एका साध्या क्वेरीने करा. जुन्या डेटाबेसमधली खाती मोबाइल नंबरनुसार गटात लावा, प्रत्येक नंबरमागे किती पीआरएन (विद्यार्थ्यांचे कायम नोंदणी क्रमांक) आहेत ते मोजा आणि उतरत्या क्रमाने पाहा. ईमेलसाठीही हेच करा. एका नंबरवर दोन-तीन खाती असतील तर ती बहुधा भावंडं असतात, ती चालू द्या. ‘एक मोबाइल, एक खाते’ असा नियम घातला तर धाकट्या बहिणीचं खातंच उघडणार नाही. पाचाच्या वर खाती असलेले नंबर मात्र वेगळे काढा. त्या नंबरवरून पासवर्ड रीसेट बंद करा आणि विद्यार्थ्याला ओळखपत्र घेऊन आपल्या कॉलेजात नंबर बदलायला लावा. जुन्या नंबरांचा धोका वेगळा आहे. बंद पडलेला नंबर साधारण 90 दिवसांनंतर दुसऱ्याच ग्राहकाला दिला जाऊ शकतो. प्रथम वर्षाला दिलेला नंबर तृतीय वर्षाला भलत्याच माणसाच्या खिशात असू शकतो.

यानंतर माणसांची यादी. परीक्षा पोर्टल, ग्रंथालयाचं कोहा सॉफ्टवेअर, ऑनलाइन अभ्यासाचं मूडल, वाय-फाय, पगार यांचे वापरकर्ते वेगवेगळ्या तक्त्यांत असतात. ते जुळवताना इंग्रजी स्पेलिंग फार छळतं. एकच वाघमारे एका ठिकाणी डब्ल्यूने सुरू होतो, दुसऱ्या ठिकाणी व्हीने. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. पीआरएन, जन्मतारीख आणि आईचं नाव हे तीनही जुळले तर नोंदी आपोआप एकत्र करा. दोनच जुळले तर माणसाने पाहूनच करा. चुकीने एकत्र झालेली दोन खाती वेगळी करणं फार कठीण जातं, कारण तोवर एकाचे गुण दुसऱ्याला दिसून गेलेले असतात.

प्रत्येक माणसाला एक आतला क्रमांक द्या. त्याला काहीही अर्थ नसावा, तो कधी बदलू नये आणि पुन्हा दुसऱ्याला देऊ नये. पीआरएन टाकून लॉगिन करता आलं पाहिजे, पण पीआरएन हीच ओळख मानू नका. कॉलेजातला बाबू बहिःस्थ एमए करत असतो. तो एकच माणूस, भूमिका दोन. शिवाय गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं, अमरावती 1983 मध्ये. त्याआधीच्या पदवीधराचा जुना क्रमांक नागपूरचाच. आधार क्रमांकाला तर ओळख म्हणून हातच लावू नका. तो प्रत्येक तक्त्यात पसरला की एका गळतीत सगळं बाहेर जातं.

सॉफ्टवेअरचा भाग आता थोडक्यात. मध्यभागी कीक्लोकसारखा मुक्त स्रोत ओळख-सर्व्हर, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, आणि प्रत्येक प्रणाली त्या सर्व्हरला सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट या लॉगिन-जोडणीच्या प्रमाण पद्धतींनी जोडलेली. मोठं यंत्र घ्यायची गरज नाही. कीक्लोकच्या मार्गदर्शिकेत दर सेकंदाला 15 पासवर्ड-लॉगिनमागे एक व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) धरला आहे. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी तासाला 20,000 विद्यार्थी आले तरी ते सेकंदाला सहाच्या आत पडतात. 4 व्हीसीपीयू आणि 8 जीबीची दोन यंत्रं पुरेत, आणि दुसरं यंत्र वेगासाठी नाही, पहिलं पडलं तर असावं म्हणून. शेवटच्या दिवशी साइट कोलमडते तेव्हा दोष बहुतेक वेळा लॉगिनचा नसतो, मागच्या परीक्षा डेटाबेसचा असतो. तो न सुधारता नवं लॉगिन लावलं तर शिव्या नव्या लॉगिनला बसतील.

जुने पासवर्ड हा सर्वांत नाजूक भाग. ते एमडी5 या जुन्या, कमकुवत पद्धतीने हॅश करून (उलट फिरवता येत नाही अशा सांकेतिक रूपात) साठवलेले असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी ‘नवा पासवर्ड करा’ असं सांगू नका. कॉलेजच्या खिडकीवर रांग लागेल. तो एमडी5 हॅशच आर्गॉन2 या मजबूत हॅश पद्धतीत गुंडाळून ठेवा. विद्यार्थी पहिल्यांदा लॉगिन करेल तेव्हा टाकलेल्या पासवर्डचा एमडी5 काढून तपासायचा, जुळला की थेट आर्गॉन2 हॅश साठवायचा आणि गुंडाळलेला पुसायचा. कीक्लोकमध्ये यासाठी छोटं प्लगइन लिहावं लागतं. गुंडाळण्याआधी आणखी एक काम उरकून घ्या. सॉल्ट (हॅश करण्याआधी पासवर्डला जोडलेली वेगवेगळी अक्षरं) नसलेला एमडी5 असेल तर प्रत्येकाच्या जन्मतारखेचा, दिवस-महिना-वर्ष अशा नेहमीच्या मांडण्यांत, हॅश काढून साठवलेल्याशी ताडा. जुळला म्हणजे पासवर्ड जन्मतारीख आहे. त्या खात्यांनाच पहिल्या लॉगिनला बदल सक्तीचा करा. पासवर्ड उघडे साठवलेले आढळले तर त्याच रात्री हॅश करा आणि जुन्या बॅकअपमधूनही घालवा.

नव्या पासवर्डला किमान लांबी ठेवा, फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडा, पण दर 90 दिवसांनी बदलायची सक्ती काढून टाका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही 2017 च्या मार्गदर्शनात ती नको म्हटलं आहे. सक्ती केली की पासवर्डच्या शेवटी फक्त महिन्याचं नाव बदलतं.

प्रथम वर्षाच्या खात्याला सुरुवातीचा पासवर्ड देऊच नका. कॉलेजने प्रवेश नक्की करताना छापील चिठ्ठी द्यावी: दहा अक्षरांचा सक्रियन कोड, 15 दिवस चालणारा, एकदाच वापरता येणारा. त्यात शून्य आणि ओ, एक आणि आय ही जोडी टाळा. डॉट मॅट्रिक्सवर ती ओळखू येत नाहीत.

ओटीपीबद्दल एक बारीक गोष्ट, जी हमखास चुकते. भामरागडकडे एसएमएस उशिरा येतो. मुलगी दोनदा ‘पुन्हा पाठवा’ दाबते, तीन ओटीपी एकदम येतात, ती पहिला टाकते आणि तो रद्द झालेला असतो. मग तिसऱ्या चुकीला खातं बंद. उपाय असा: मुदत 10 मिनिटांची ठेवा आणि त्या मुदतीत पुन्हा मागितला तर तोच ओटीपी पुन्हा पाठवा. चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा मात्र पाचावरच ठेवा. संदेशाचा मराठी मजकूर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांच्या संदेश-नोंदणी व्यवस्थेत) आधी मंजूर करून घ्या. एखादा शब्द बदलला तरी दूरसंचार कंपनी संदेश अडवते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की तिथलं नेटवर्कही भरवशाचं राहत नाही, म्हणून कॉलेज कर्मचाऱ्यांना दहा छापील राखीव कोड देऊन ठेवा.

चुकीच्या प्रयत्नांवर आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) बंद करणं इथे घातक आहे. एका सेंटरमधून दिवसभरात गावोगावचे विद्यार्थी येतात, आणि मोबाइल कंपनीही असंख्य ग्राहकांना एकाच पत्त्यामागे ठेवते. खात्यावर वाढती थांबण्याची वेळ लावा: आधी 1 मिनिट, मग 5, मग 15. कायमचं बंद नको. पीआरएन क्रमाने असतात. कोणीही खोडसाळपणे अख्ख्या वर्गाची खाती बंद पाडू शकतो.

विद्यार्थ्याला निकाल पाहायला दुसरा घटक (पासवर्डशिवाय ओळखीचा आणखी एक पुरावा) मागू नका. शिष्यवृत्तीचं बँक खातं किंवा मोबाइल बदलताना मागा. गुण भरणाऱ्यांना मात्र तो सक्तीचाच हवा. फोनवरच्या ॲपचा 30 सेकंदांचा कोड चालेल. फोनचं घड्याळ हाताने लावलेलं असेल तर कोड नाकारला जातो, म्हणून वेळ ‘आपोआप’वर आहे का हे आधी पाहायला सांगा. परीक्षा विभागाला हार्डवेअर किल्ल्याच (संगणकाला लावायची छोटी उपकरणं) द्या, माणशी दोन, एक कुलपात.

आता प्रवेशाधिकार. सगळ्यांत जुनी खोड म्हणजे कॉलेजचं सामायिक लॉगिन, पासवर्ड आवक-जावक रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर लिहिलेला. ते वापरणारा बाबू बदलून गेला, निवृत्त झाला, तरी पासवर्ड तोच. गुण कोणी बदलले याचं उत्तर कोणाकडेच नसतं, आणि त्यात प्रामाणिक माणूसही अडकतो. हे लॉगिन मोडून काढणं हे या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं माझं ठाम मत आहे. खातं माणसाच्या नावाचं. अधिकार वेगळा जोडायचा: कोणतं कॉलेज, कोणता विषय, कोणतं सत्र, कोणत्या तारखेपर्यंत. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचा अधिकार नेमणुकीच्या शेवटच्या तारखेला आपोआप संपला पाहिजे. प्रभारी प्राचार्य आणि अतिरिक्त कार्यभार आपल्याकडे नेहमीचेच, त्यासाठी तारखेसह अधिकार सोपवण्याची सोय सुरुवातीलाच बांधा. नाहीतर लोक पासवर्डच सोपवतील. गुण भरणारा आणि मंजूर करणारा एकच माणूस असेल तर प्रणालीने नकार द्यावा. दोनच कर्मचारी असलेल्या लहान कॉलेजात दुसरी मंजुरी प्राचार्यांची ठेवा.

सेंटरच्या संगणकासाठी काही न करता उघडं राहिलेलं लॉगिन-सत्र 15 मिनिटांत संपवा. सॅमलमधलं ‘एका ठिकाणी लॉगआउट, सगळीकडे लॉगआउट’ भरवशाचं नाही, म्हणून प्रत्येक प्रणालीचं सत्रही आखूडच ठेवा. लॉगिनचं पान 100 केबीच्या आत बसवा आणि चुकीचे संदेश मराठीत, नेमके लिहा.

सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या 2022 च्या निर्देशांनुसार प्रणालीच्या नोंदी (लॉग) 180 दिवस ठेवायच्या, सायबर घटना 6 तासांत कळवायची आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. घड्याळ दोन-चार मिनिटं सरकलं तर सॅमलची उत्तरं ‘मुदतबाह्य’ ठरतात आणि लॉगिन विनाकारण बंद पडतं. तपासाला लागाल तेव्हा आधी घड्याळ पाहा.

सॅमल नीट बसलं की गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राच्या इन्फेड संघात (आपल्याच संस्थेच्या लॉगिनने बाहेरची साधनं वापरू देणाऱ्या) सामील होता येतं. मग धानोऱ्याचा संशोधक विद्यापीठाच्या आवारात न येता घरून नियतकालिकं वाचू शकतो.

बदल कॉलेजवार करा, आधी दोन लहान आणि एक मोठं कॉलेज. परीक्षा फॉर्म, हॉलतिकीट आणि निकालाचे आठवडे टाळा. उन्हाळी परीक्षा संपल्यावर, प्रवेशाआधीचा काळ बरा. जुनं लॉगिन एक पूर्ण सत्र फक्त वाचण्यापुरतं चालू ठेवा. त्या सत्रात ज्यांनी नव्या व्यवस्थेत एकदाही लॉगिन केलं नाही, त्यांचे गुंडाळलेले हॅश काढून टाका; ते परत आले तर कॉलेजातून नवी चिठ्ठी घेतील.