नेट गेल्यावरचं वाचन

नेट गेलं की आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातली माणसं आधी राउटरकडे बघतात, मग फोनकडे, आणि दोन्हीकडून काही हाती लागलं नाही की नाइलाजाने टर्मिनलमध्ये 'मॅन', म्हणजे कमांडच्या माहितीचं पान उघडणारी कमांड, टाईप करतात. मला मात्र त्या नाइलाजाचीच गोडी लागली आहे. सॉफ्टवेअरबरोबर आलेलं, आपल्याच डिस्कवर बसलेलं डॉक्युमेंटेशन मी नेट धडधाकट असतानाही वाचतो.

ही सोय जुनी. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पहिल्या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी, म्हणजे प्रणाली बांधणाऱ्यांनीच, ते लिहिलं. प्रत्येक कमांडच्या माहितीखाली 'बग्ज' आणि 'ओनर' असे मथळे असत. यात काय बिघाड आहे आणि जाब कोणाला विचारायचा, दोन्ही सांगून मोकळे! 'ओनर' पुढे गळाला, 'बग्ज' टिकला. टाईप केलेल्या कमांड चालवणाऱ्या 'बॅश' या प्रोग्रामच्या मॅन पानावर त्या मथळ्याखाली लिहिलंय, की हा फार मोठा आहे आणि फार संथ आहे. स्वतःच्या मालाबद्दल इतकं उघड बोलणं एखाद्या चकचकीत वेबसाइटवर शोधून दाखवा.

पण माझं प्रेम या सचोटीपेक्षा आवृत्तीवर जास्त आहे. वेबवरचं पान बहुधा ताज्या आवृत्तीबद्दल बोलतं. माझ्या मशीनवर काय आहे, हे त्याला ठाऊक नसतं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत स्ट्रिंगच्या, म्हणजे मजकुराच्या, सुरुवातीचा तुकडा काढून टाकणारी 'रिमूव्हप्रीफिक्स' ही मेथड ३.९ मध्ये, २०२० साली आली. वेबवर ती वाचायची, ३.८ असलेल्या सर्व्हरवर टाकायची, आणि एरर बघत बसायचं. त्याच सर्व्हरवर 'हेल्प' लिहून कंसात 'एसटीआर' (स्ट्रिंगचं तिथलं नाव) दिलं असतं, तर त्या यादीत ती मेथड मुळात दिसलीच नसती. कारण ही माहिती कोडच्या पोटातच असते. कोड जुना तर माहितीही जुनी, आणि नेमकी तीच हवी असते.

मजकुरात फेरफार करणाऱ्या 'सेड' या कमांडची गोष्ट तर याहून खट. फाईल जागच्या जागी बदलायचा 'आय' हा पर्याय लिनक्सवर नुसता चालतो. मॅकवर त्याला पुढे बॅकअपच्या फाईलसाठी प्रत्यय द्यावा लागतो, निदान रिकामा तरी. वेबवरची उत्तरं यातलं एक गृहीत धरून लिहिलेली असतात आणि कोणतं ते सांगत नाहीत. चॅटबॉट त्यांच्याही पुढचा. कुठल्याच आवृत्तीत नसलेला पर्यायही तो कधीकधी छातीठोकपणे सुचवतो. मॅन पान रुक्ष असतं खरं, पण जे नाही त्याबद्दल ते गप्प बसतं.

शिवाय भटकणं. 'सॉर्ट'च्या पानाच्या तळाशी 'सी ऑल्सो'मध्ये 'युनिक' दिसतं, तिथून 'कॉम', तिथून 'जॉइन'. दोन क्रमवार फायलींतल्या सामाईक ओळी काढायला स्क्रिप्ट लिहावी म्हणून बसलेला माणूस 'कॉम'पाशी पोचतो आणि स्क्रिप्टचा विचार सोडून देतो.

उणीवही आहे, आणि ती लहान नाही. नाव माहीत असेल तरच पान सापडतं. 'मॅन'ला 'के' जोडून शोधता येतं, पण ते फक्त नावं आणि एकेका ओळीची वर्णनं चाळतं. उदाहरणांची तर चणचणच. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी, असं मीही म्हणणार नाही.

गंमत जागेची वाटते. १९९८ च्या व्हिज्युअल स्टुडिओ ६ या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंगच्या सॉफ्टवेअरच्या काळात एमएसडीएन लायब्ररीच्या, म्हणजे त्याच्या डॉक्युमेंटेशनच्या, वेगळ्या सीडी यायच्या. डिस्क चिमुकल्या होत्या, तरी लोक हे सगळं सांभाळत. आता जागा उदंड झाली, आणि आधी कात्री लागते ती डॉक्युमेंटेशनला. डेबियन या लिनक्सवर पर्ल ही भाषा असते, पण तिची माहिती दाखवणारं 'पर्लडॉक' चालवलं की 'पर्ल-डॉक' हे पॅकेज बसवा, असं उत्तर येऊ शकतं. उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या छाटलेल्या इमेजवर (तयार साच्यावर) 'मॅन' म्हटलं की समजतं: जिथे माणसं लॉगिन करत नाहीत अशा मशीनसाठी अनावश्यक गोष्टी काढल्या आहेत, मॅन पानं हवी असतील तर 'अनमिनिमाइझ' चालवा. ती परत येतात, अर्थात नेटवरून. आणि माणसं तिथे लॉगिन करत नाहीत हे खरंच, रात्री काहीतरी मोडेपर्यंत.

म्हणून नवी भाषा बसवली की मी नेट बंद करून तिच्याकडे मदत मागतो. रस्ट पहिल्या फटक्यात पास: 'रस्टअप डॉक' म्हटलं की अख्खं डॉक्युमेंटेशन डिस्कवरूनच ब्राउझरमध्ये उघडतं. 'आर' या भाषेत फंक्शनच्या नावाआधी प्रश्नचिन्ह लावलं की पान हजर. 'क्रॅन' या आरच्या पॅकेजांच्या भांडारात पॅकेज द्यायचं तर बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक फंक्शनची माहिती लिहावीच लागते, त्यामुळे परक्या पॅकेजचंही अडत नाही. जावाच्या डॉक्युमेंटेशनची झिप वेगळी असते, ती आठवणीने आधीच उतरवून ठेवावी लागते. तिला मी काठावर पास करतो.