आकडी

परवा दुपारी नगरहून पुण्याला येताना शिरूरच्या अलीकडे गाडी थांबवावी लागली, समोर सगळी मेंढरंच मेंढरं. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरणारी बिऱ्हाडं, कोकणाच्या बाजूला उतरायला लागतात, त्यातलाच एक असणार. दोन घोड्यांवर अख्खा संसार, त्या संसाराच्या टोकाला बांधलेली एक कोंबडी, आणि मागे एक म्हातारे बाबा, खांद्यावर लांबलचक काठी आणि काठीच्या टोकाला आकडी. त्यांनी चालता चालता रस्त्याकडेच्या बाभळीची फांदी आकडीने खाली ओढली, दोन करडांनी शेंगा खाल्ल्या, फांदी सोडून दिली. बास, एवढंच. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वेडा झाला होता आणि मी मात्र त्या आकडीकडे बघत बसले.

कारण लहानपणी मला या शब्दाची प्रचंड भीती वाटायची. चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पाठ करून घ्यायचे, सहाच वचनं, चुकलं की पहिल्यापासून. त्यात चौथ्या वचनात येतं, ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.’ आता आमच्या आळीत एका मुलाला आकडी यायची. तो मधेच पडायचा, हातपाय ताठ, मग बायकांची धावपळ, कुणी कांदा फोडून नाकाला लाव, कुणी चप्पल हुंगव. ही आकडी आणि ती धीर कसा देणार? बरं ‘तुझी’ आकडी, म्हणजे देवालासुद्धा येते की काय! विचारायची सोय नव्हती, पाळकसाहेब समोर आले की तोंडातून ‘सलाम’ सोडून दुसरं काही निघायचं नाही. शेवटी आजीला विचारलं. ती पोटभर हसली आणि परसातली चिंचा पाडायची आकडी आणून माझ्या हातात दिली. म्हणाली, ही बघ, लांब गेलेलं जवळ ओढायला.

आणि चिंच म्हटलं की परसच आठवतं. संडास तिकडे शेवटाला, लाइट नेमकी रात्रीची जायची, आणि वाटेत ते चिंचेचं झाड. हातात टॉर्च, तोंडात स्तोत्र. दारातून ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणत सुटायचं ते हिरवीगार कुरणं, संथ पाणी वगैरे भराभर पार पडायचं आणि बरोब्बर चिंचेखाली ‘मृत्युच्छायेच्या दरीतूनही’ यायचं. दरवेळी तिथेच. मी स्पीड वाढवून पाहिला, हळू म्हणून पाहिलं, काही उपयोग नाही. मग मी सरळ ते वचन गाळायला लागले, पाण्यावरून एकदम ‘माझ्यापुढे ताट वाढतोस’ वर उडी, नाहीतरी भूक लागलेलीच असायची. आजीला हे कळलं तेव्हा रागावली नाही, फक्त म्हणाली, अगं पण आख्ख्या स्तोत्रात पहिल्यांदा ‘तू’ तिथेच येतो ना, तोपर्यंत नुसतं तो बसवतो, तो नेतो, तो चालवतो. घाबरलेलं माणूस लांबून बोलतं होय?

आजी स्वतः काही फार धीट होती असं नाही. वीज कडाडली की पलंगाखाली जायची आणि तिथून गीत म्हणायची, आवाज मात्र खणखणीत. आईला ते पटायचं नाही, विश्वास आहे तर पलंग कशाला? मी आजीच्या वळणावर गेलेय. रात्री कुटुंबाची प्रार्थना होते, ‘आम्हाला सांभाळ’ म्हणून आमेन होतं, आणि आमेनचा आवाज विरायच्या आत मी दाराची कडी बघायला उठते. मग गॅस. मग परत कडी. नवरा म्हणतो, देवाला सांगितलंय ना आत्ताच? त्याला काय जातंय बोलायला, तो उशीला डोकं लागलं की घोरतो, मार्कच्या शुभवर्तमानातल्या येशूसारखा. नावेत पाणी भरतंय, शिष्य बोंबलतायत आणि हा मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलेला. ती उशी फक्त मार्कनेच लिहून ठेवलीय आणि मला कायम तिचा जरा रागच आलाय. एकीकडे दुसऱ्या एका स्तोत्रात म्हणायचं इस्राएलचा रक्षक डुलकीसुद्धा घेत नाही, आणि इकडे वादळात उशी! आणि वादळ थांबल्यावर शिष्य हुश्श करत नाहीतच, उलट आणखी घाबरतात, हा कोण आहे म्हणून. तेवढं मात्र मला पटतं.

तर मेंढरं संपेनात म्हणून मी खाली उतरले. बाबांना विचारलं, रात्री बिबट्याची भीती नाही का वाटत? नगर-जुन्नरकडे आता उसातून कधी कुठे निघेल सांगता येत नाही. बाबा म्हणाले, “वाटती की. मेंढरांभोवती वाघर लावतो, जाळी, कुत्री हायेत. झोपतंय कोण रातच्याला.” आणि लगेच, “ताई, गाडीत मोबाइल चार्ज होईल का जरा?” दहा मिनिटं त्यांचा मोबाइल माझ्या चार्जरला आणि त्यांची आकडी माझ्या बॉनेटला टेकलेली. हात लावून पाहिला, लाकूड हात फिरून फिरून गुळगुळीत झालेलं. मागच्या सीटवर माझी सोनोग्राफीची फाइल होती, ते काही मी त्यांना सांगितलं नाही. तसं अजून कुणालाच नाही.

गाठीचा पुढचा रिपोर्ट सोमवारी आहे. सध्या कडी बघायला रात्री तीनदा नाही, पाच-सहादा उठते. पलंगापासून दारापर्यंत अकरा पावलं होतात, मी मोजलीत. तेवढ्यात स्तोत्र कुरणांच्या पुढे जात नाही. म्हणून हल्ली चौथ्या वचनापासूनच सुरू करते.