ऐरोलीवर क्रॅश, घणसोलीवर नाही : आपल्या एडिटरची नोंद ४

शुद्धलेखन तपासणी चालू असताना एडिटर मध्येच बंद पडायचा, तो प्रकार आता हवा तेव्हा घडवता येतो. लिनक्स, जीसीसी या सी++ कम्पायलरचं बिल्ड.

चाचणीसाठी ठाणे-वाशी लोकलची स्टेशनं घ्या. एका ओळीत एक नाव, तीच पुन्हा पुन्हा, एकूण ४,०९० ओळी. तपासणीच्या थ्रेडमध्ये (एडिटरबरोबर समांतर चालणाऱ्या कामात) दर ओळीमागे २ मिलिसेकंदांचा थांबा टाका, म्हणजे फाइल उघडल्यावर आठेक सेकंद हाताशी राहतात. तेवढ्यात शेवटी दहा ओळी पेस्ट करा. सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे आपली नसलेली मेमरी वाचल्यामुळे क्रॅश! कोअर डम्पमध्ये (क्रॅशच्या क्षणीच्या मेमरीची प्रत) सापडणारी ओळ ठाणे, ऐरोली, रबाळे किंवा वाशी यांपैकीच असते. घणसोली, तुर्भे, कोपरखैरणे कधीच नाही.

कारण बाइटमध्ये आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, प्रत्येकी ३ बाइट. ऐरोली १५, घणसोली १८. जीसीसीच्या लायब्ररीतली स्ट्रिंग (मजकूर ठेवणारी वस्तू) १५ बाइटपर्यंतचा मजकूर स्वतःच्या पोटातच ठेवते, त्याहून मोठा हीपवर, म्हणजे मेमरीत वेगळी जागा मागून. ओळींचा व्हेक्टर (सलग जागेतली यादी) भरला की दुप्पट जागा घेऊन सगळ्या स्ट्रिंग तिकडे हलवतो. हीपवरचा मजकूर जागच्या जागी राहतो, पोटातला मात्र स्ट्रिंगबरोबर जातो. तपासणीच्या रांगेत आपण स्ट्रिंग-व्ह्यू, म्हणजे प्रत न करता नुसता मजकुराचा पत्ता आणि लांबी, ठेवले होते. ते जुन्याच पत्त्यावर वाचत राहिले.

व्हेक्टर १,०२४ ओळींवरही भरतो, मग १,०२५व्या ओळीला क्रॅश का नाही? तेव्हाचा जुना ब्लॉक लहान असतो, मोकळा झाला तरी प्रोसेसकडेच राहतो, आणि वाचलं तर बहुधा जुनाच मजकूर मिळतो. पण ४,०९६ स्ट्रिंग गुणिले ३२ बाइट म्हणजे नेमके १२८ केबी, ग्लिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) एममॅपची मूळ मर्यादा; तिथपासून पुढचा ब्लॉक थेट कर्नलकडून (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडून) वेगळा मागितला जातो. हा ब्लॉक सोडला की त्याची मेमरीची पानं थेट कर्नलकडे परत, आणि तिथे वाचलं की क्रॅश. वर, असा ब्लॉक एकदा सुटला की ग्लिबसी ती मर्यादा आपोआप वाढवते. म्हणून आधी एखादी मोठी फाइल उघडलेली असेल, तर ४,०९७वी ओळ सुखरूप जाते. चाचणी दर वेळी एडिटर नव्याने सुरू करूनच करा.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझरला (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) मागच्या फेरीत काही सापडलं नव्हतं, कारण फाइल लांबलचक परिच्छेदांची होती. छोट्या ओळींवर तो ४,०९६ च्या खूप आधीच चूक दाखवतो. चाचणी फाइलमध्ये १५ आणि १६ बाइटच्या ओळी कायम हव्यात: ऐरोली, आणि ऐरोलीपुढे एक स्पेस.

व्हेक्टरऐवजी डेक (तुकड्यातुकड्यांत ठेवलेली यादी) वापरून भागत नाही. त्यात शेवटी ओळ जोडली तर जुने संदर्भ टिकतात, पण एंटर बहुतेक वेळा मध्येच दाबला जातो, आणि मग ओळी सरकतात. लाल रेघ भलत्याच शब्दाखाली दिसायची, ती याच सरकण्यामुळे. आता रांगेत ओळीची प्रत आणि आवृत्ती क्रमांक जातो; निकाल येईपर्यंत क्रमांक बदलला असेल तर निकाल टाकून देतो. छोट्या ओळीच्या प्रतीसाठी हीपला हात लावावा लागत नाही, त्यामुळे वेगाची काळजी नको.

मॅकवरची चाचणी बाकी आहे. तिथल्या लायब्ररीत पोटातली मर्यादा २२ बाइट, म्हणजे घणसोली, तुर्भे आणि २१ बाइटचं सानपाडाही धोक्यात; तिथे फक्त कोपरखैरणे सुटतं.